सुलियाच्या नावावरचे ठोके

सुलिया बस चालवायची. ऑकलंडमधल्या मांगेरेच्या बाजारापासून विमानतळापर्यंत आणि तिथून परत, दिवसभर तेच. पण आमच्या भागात त्या बसला कुणी कंपनीची बस म्हणायचं नाही, सुलियाची बस म्हणायचे. बाई धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड, आणि कानामागे कंपनीच्या कुठल्याही नियमात न बसणारं लाल फूल. विमानतळावरच्या साफसफाईच्या बायका पाळी संपवून पेंगत चढल्या की ही आरशात बघून ओरडायची, "ए फातू, तोंड मीट, माशी जाईल!" आणि फातूचा थांबा आला की तिला हाका मारमारून उठवायचीही हीच. एखादं म्हातारं माणूस पिशव्या सांभाळत लांबून येताना दिसलं की बस थांबलीच म्हणून समजा. मागून कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "तुझी आजी असती तर काय केलं असतंस रे?" यावर कोण काय बोलणार!

ही बस तिला आयती मिळाली नव्हती. सामोआतल्या सवाई बेटावरून ऑकलंडला आली तेव्हा इंग्रजी यथातथाच. आधी शेडमध्ये उभं राहून कांदे निवडले, मग हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या. मोठ्या गाडीच्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली तेव्हा तिनं नाद सोडला होता. पण नवरा हटला नाही. योआने त्याचं नाव. कुणाकडून तरी मासळीचा जुना ट्रक मागून आणायचा, आणि रोज संध्याकाळी रिकाम्या मैदानात तिच्या शेजारी बसायचा. "डावीकडे! अगं डावीकडे, सुलिया! तो तुझा उजवा हात आहे!" असं ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, ट्रकमधल्या वासानं त्याचे कपडे कुणी जवळ करेना, पण बाई पास झाली.

एरवी हा योआने म्हणजे तोंडात मूग धरून बसलेला माणूस. विमानतळाजवळच्या गोदामात माल उचलायची गाडी चालवायचा, घरी यायचा, अंगणातल्या तारोच्या, म्हणजे अळूसारख्या कंदाच्या, वाफ्याला पाणी घालायचा. दोघांना मूलबाळ नाही. त्याची बोलती सुटायची ती फक्त रविवारी, चर्चमधल्या लहान मुलांच्या वर्गात. ऑक्टोबरातल्या पांढऱ्या रविवारी आमच्याकडे मुलांचं राज्य असतं: मुलं पांढरेशुभ्र कपडे घालून उभी राहतात, वचनं म्हणतात, नाटुकली करतात, आणि त्या दिवशी जेवायला आधी ती बसतात, वाढायला मोठी माणसं. त्या एका दिवसासाठी योआने महिनोन्‌महिने पोरांकडून पाठांतर करून घ्यायचा. तोतऱ्या पोराला सगळ्यांत लांब वचन द्यायचा आणि ते त्याच्याकडून म्हणवून घ्यायचाच.

तर आमच्या चर्चच्या मंडळीत ती घड्याळं आली, त्याची ही गोष्ट.

उपासना संपल्यावर हॉलमध्ये गळ्यात पट्टे अडकवलेली, टापटीप, हसतमुख तरुण मंडळी उभी. योजनेचं नाव 'निरोगी कळप'. प्रत्येकाला मनगटाचं घड्याळ फुकट. ते तुमचं चालणं मोजणार, झोप मोजणार, हृदयाचे ठोके मोजणार, आणि काही बिघडलं तर वेळीच सांगणार. आमच्यात साखर आणि हृदय यांनी घराघरात माणसं नेलेली, त्यामुळे गोष्ट वाईट आहे असं कोण म्हणेल? चर्चचे पाळक म्हणाले, "चांगलं आहे." पाळकांनी चांगलं म्हटल्यावर हात खाली ठेवायची आमच्यात रीत नाही. सगळ्या हॉलचे हात वर गेले. मग रांगेनं काचेवर अंगठे. अटी होत्या, पण त्या वाचायला बसलो असतो तर जेवण निवलं असतं.

"काही झालं तर कुणाला कळवायचं?" पट्टेवाल्या मुलीनं सुलियाला विचारलं.

"नवऱ्याला. दुसरं आहे कोण मला?" सुलिया म्हणाली आणि अंगठा टेकवला.

आख्ख्या हॉलमध्ये एकच हात खाली होता, योआनेचा. पाळकांची बायको एसेता, योजनेची इथली सगळी सूत्रं तिच्या हातात. तिनं भर सभेत विचारलं, "काय हो योआने, खांदा धरलाय का तुमचा?"

"खांदा ठीक आहे," योआने म्हणाला. "माझ्या छातीत काय चाललंय ते मला ठाऊक आहे आणि देवाला ठाऊक आहे. तिसऱ्याचं काम नाही."

लोक हसले. सुलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना ती त्याच्या दहा पावलं पुढे चालली.

आता आमची एक रीत सांगायला हवी. उपासनेनंतर कुठल्या घरानं किती दान दिलं ते आम्ही सर्वांसमोर वाचून दाखवतो. फार जुनी पद्धत आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपलं नाव मागे पडू नये म्हणून माणूस पोटाला चिमटा काढतो, ते निराळं. त्यामुळे घड्याळं आली तेव्हा एसेतानं सहज, अगदी सहज, दानाच्या पाठोपाठ घड्याळांचे आकडेही वाचायला घेतले. कोण किती चाललं, कुणाचं हृदय कसं आहे. हॉलच्या भिंतीवर पडदा लागला. चांगल्यांची नावं हिरवी, बिघडलेल्यांची लाल.

झालं! घराघरांत चुरस लागली. आणि आमच्याकडे वस्तू एकाची कधी नसते, घरात आली की घरची. चप्पल असो, मोटार असो, पायांत बसेल त्याची, किल्ली सापडेल त्याची. घड्याळाचं तेच झालं. आजोबांचं घड्याळ रग्बी खेळणाऱ्या नातवाच्या हातात. वडीलमंडळींतले सिआओसी, ज्यांना खुर्चीतून उठवायला दोघे लागतात, ते एका आठवड्यात मंडळीत पहिले आले. नंतर कळलं की घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात होतं. "कुत्रा तरी माझाच आहे ना?" सिआओसी म्हणाले. पाळकसुद्धा हसले. कुणालाच वाटलं नाही की पलीकडे बसलेलं कुणीतरी हे सगळं खरं मानून चाललंय.

हसणं थांबलं तावितामुळे. मांसाच्या शीतगृहात कामाला असलेला शांत माणूस. आपलं घड्याळ इमानेइतबारे स्वतःच्या हाताला बांधणारा, बहुधा तो एकटाच. त्याचं नाव पडद्यावर लाल झालं. आम्ही त्याच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली, त्याच्या घरी केळी पोचवली, सूप पोचवलं. आणि एके दिवशी त्याच्या साहेबानं त्याला बोलावून घेतलं, तब्येतीची फार आपुलकीनं चौकशी केली आणि घरी बसवलं. साहेबाला कुणी सांगितलं? कुणीच नाही. त्याची कंपनी कळपाची 'साथीदार' होती, एवढंच. तावितानं मोजकं सामान बांधलं आणि तो मुलीकडे ब्रिस्बेनला गेला. योआनेनं त्याला विमानतळावर सोडलं. परत आल्यावर तारोला पाणी घालता घालता एवढंच म्हणाला, "त्याच्या छातीतलं वाचून दाखवलं गं आपण. गाण्याच्या आधी, दानाच्या नंतर."

त्याच सुमारास सुलियाला दिसायला लागलं की ओट्याच्या पायऱ्या चढून आला की योआने दाराला टेकतो. घाम नको तेव्हा फुटतो. हात छातीवर जातो आणि ती बघतेय असं दिसलं की सदऱ्याचं बटण चाचपतो.

"काय होतंय?"

"गॅस."

"रोज गॅस? तू काय सिलिंडर आहेस? चल डॉक्टरकडे."

"कुठल्या डॉक्टरकडे? दवाखानाही कळपातच आहे. तिथली नर्स एसेताची भाची, आपल्या गायनात पहिल्या रांगेत उभी राहते. मी सदरा काढेपर्यंत मंडळीला कळेल, आणि सदरा घालेपर्यंत गोदामाला."

खोटं नव्हतं ते. आणि मग सुलियानं ते केलं.

रविवारी दुपारी आमच्याकडे जेवण झालं की सगळं मांगेरे झोपतं. नारळाच्या दुधातला तारो, मासा आणि शेवयांचं कालवण पोटात गेल्यावर योआने चटईवर आडवा व्हायचा तो ढोल वाजवला तरी उठायचा नाही. सुलियानं आपलं घड्याळ काढलं आणि हळूच त्याच्या मनगटाला बांधलं. मग फोन हातात घेऊन त्याच्या उशाशी बसली. आकडा एका जागी राहीना. चढायचा, पडायचा, मधेच थांबल्यासारखा व्हायचा, पुन्हा धावत सुटायचा. बाहेर शेजारच्यांचा कोंबडा भर दुपारी आरवत होता. त्याला उठवावं, ओरडावं, गदागदा हलवावं असं तिला वाटलं. पण उठवून सांगणार काय? तुझ्या झोपेत तुझ्या छातीत डोकावले म्हणून? तिनं घड्याळ सोडवलं आणि चहा ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा बांधलं. मनाची समजूत घालायला म्हणून बांधलं, आणि मनाला घोर लागला तो लागलाच.

मग आगारातून ब्रेटचं बोलावणं आलं. ब्रेट तिचा साहेब, गोरा, मनानं चांगला. त्यानं स्वतः उठून खुर्ची पुढे केली, तेव्हाच सुलियाला ताविताचा साहेब आठवला.

"सुलिया, घाबरू नकोस. तुझ्या काळजीपोटीच बोलवलंय. तुझं हृदय मधूनमधून चुकतंय असं दिसतंय. हृदयाच्या डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत तुला बसवर पाठवता येणार नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच," तो खरंच गोंधळून म्हणाला. "तूच हो म्हटलंयस ना? आम्ही साथीदार आहोत."

"आणि तपासणीत मी ठणठणीत निघाले तर?"

"तर उत्तमच! म्हणजे घड्याळ दुसऱ्या कुणाच्या हातात होतं. मग ते लोक शोधून काढतात कोण ते. बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी असतं." मग हसून म्हणाला, "पण तू असलं काही करणार नाहीस."

सुलियानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तपासणीला जावं तर योआने उघडा पडतो, न जावं तर बस जाते. ती आपल्याच बसमधून प्रवासी म्हणून घरी आली. नवीन चालक पोरसवदा होता. पिशव्यावाली म्हातारी हात करत राहिली, यानं दार लावून घेतलं. एरवी सुलियानं त्याला फैलावर घेतला असता. आज तिच्यात तेवढा दम नव्हता.

योआनेला तिनं सगळं सांगितलं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही.

"झोपेत?" त्यानं विचारलं. "मी झोपलो असताना?"

"मी तुझी बायको आहे."

"म्हणून तर झोपलो होतो ना निवांत."

हे तिला एवढं लागलं की ती मोरीत जाऊन रडली. तो बाहेर तारोच्या वाफ्याशी उकिडवा बसून राहिला. पुढचे दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. शेवटी तीच त्याच्यासमोर जाऊन बसली. "हे बघ, माझी बस गेली तर गेली. तुझी गाडी गेली तर तीही जाऊ दे. कांदे निवडू पुन्हा. पण तू राहा. हात जोडते तुझ्यापुढे, डॉक्टरकडे चल."

"पांढऱ्या रविवारनंतर."

"योआने!"

"ऐक. आता माझं नाव त्या भिंतीवर लाल झालं, की माझी पोरं वचनं म्हणतील का माझ्याकडे बघत रडतील? तो तोतरा, मासिना, त्याला एवढंच सांगून ठेवलंय मी, अडखळलास की माझ्या तोंडाकडे बघ. माझ्या तोंडाकडे बघून त्याला भीती वाटली तर? रविवार होऊ दे. मग नेशील तिथं येतो. तोवर कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे."

तिनं पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली. नको घ्यायला होती. पण त्याच्या बोलण्यापुढे तिचं कधी चाललं होतं? त्याबदल्यात तिनं एकच मागितलं. घड्याळ त्यानं दिवसरात्र हातात ठेवायचं, म्हणजे तिला फोनवर तरी दिसत राहील.

"तुझ्या नावानं?" त्यानं विचारलं. मग कितीतरी दिवसांनी हसला आणि हात पुढे केला. "बांध बाई. माझं नाव नाही ना येत, मग बांध."

तेव्हापासून त्यानं लांब बाह्यांचे सदरे घालायला सुरुवात केली. हॅमिल्टनला, जिथं त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं, तिथल्या डॉक्टरची पांढऱ्या रविवारनंतरच्या सोमवारची वेळ सुलियानं घेऊन ठेवली.

मधल्या काळात तिनं कळपाच्या मदतवाल्या नंबरावर फोनही करून पाहिला. पलीकडे फार गोड आवाज होता.

"माझ्या नावावरचे ते ठोके पुसायचेत," सुलिया म्हणाली.

"पुसता येत नाहीत, सुलिया. ते आता फक्त आमच्याकडे नाहीत."

"मग कुणाकडे आहेत?"

"आपल्या साथीदारांकडे."

"कोण कोण आहेत हे साथीदार?"

"ते मला सांगता येणार नाही. गोपनीयतेचा प्रश्न आहे."

"कुणाच्या?"

"साथीदारांच्या," गोड आवाज म्हणाला.

सुलियानं फोनकडे बघितलं, आणि तिला अशी एक शिवी आठवली जी ती कांद्याच्या शेडमधून निघाल्यापासून बोलली नव्हती. ती तिनं फोन बंद झाल्यावर दिली. कुणाचं काही बिघडलं नाही.

त्याआधीच्या एका रविवारी भिंतीवर सुलियाचं नाव लाल झालं. एसेतानं ते डोळे पुसत वाचलं. फातू तर ढसाढसा रडली. साऱ्या मंडळीनं उभं राहून सुलियाच्या हृदयासाठी प्रार्थना केली, आणि धडधाकट सुलिया मधोमध मान खाली घालून उभी. मागे मुलांच्या रांगेपाशी लांब बाह्यांच्या सदऱ्यात योआने. त्याचं आमेन तिला ऐकू आलं नाही.

घरी येताना तो म्हणाला, "एवढी मोठी प्रार्थना झाली. माझ्यापर्यंत पोचली असेल का गं? की तीही तुझ्याच नावावर जमा झाली?"

"गप बस मेल्या," सुलिया म्हणाली आणि दोघंही रस्त्यात उभे राहून हसायला लागले. हसता हसता तो कुंपणाला टेकला आणि तिचं हसू पळालं.

अशा रीतीनं पांढऱ्या रविवारच्या आदला शनिवार उजाडला. चर्चच्या हॉलमध्ये बायकांची ही झुंबड. पांढऱ्या फ्रॉकांना इस्त्री, पावांवर नारळाचं दूध, फुलांच्या माळा. योआने घरीच थांबला. मागल्या अंगणात उमूचे दगड रचायचे होते. तापल्या दगडांवर पानं झाकून डुक्कर आणि तारो शिजतो ती आमची भट्टी. "दगड उचलू नकोस," सुलियानं निघताना बजावलं. "सिआओसींची पोरं येतील."

"उद्या पोरांचा दिवस, आणि आज त्यांना दगड उचलायला लावू?"

"त्यांतली दोन लग्नाची झालीत रे!"

"बरं बरं, नाही उचलत. तू जा."

हॉलमध्ये तिला कुणी कशाला हात लावू देईना. पातेलं उचललं की फातू ओढून घ्यायची. इस्त्री धरली की एसेता धावत यायची. "तुझं हृदय, सुलिया! काही कळतं का तुला?" ती मधूनमधून फोन काढून बघायची. आकडे नाचत होते, पण ते तर रोजच नाचायचे. शेवटी एसेतानं तिच्या हातातून फोनच काढून घेतला. "हे बघत बसतेस म्हणूनच धडधड वाढते. दे इकडे." फोन गेला स्वयंपाकघराच्या फळीवर, कपांच्या मागे. तिला चटईवर आडवं केलं, उशी दिली, पाय दाबायला फातू बसली.

"अगं मला काही झालेलं नाही, सोडा मला!"

"आजारी माणसं असंच म्हणतात," फातू म्हणाली.

शपथ जिभेवर होती. सुलिया छताकडे बघत पडून राहिली. पलीकडे मासिना आईला आपलं वचन म्हणून दाखवत होता. अडखळला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

तेवढ्यात भिंतीवरचा पडदा वाजायला लागला. असा कधी वाजला नव्हता. एसेताच्या हातातला फोन वाजला, फळीवरचा सुलियाचाही वाजला. एसेतानं वाचलं आणि ती पांढरी फटक पडली. मग वळून तिनं चटईकडे पाहिलं. सुलिया उठून बसलेली, डोळे उघडे, तोंडावर घाम.

"अगं बाई!" एसेता धावत येऊन तिच्या गळ्यातच पडली. "जिवंत आहेस! अगं, ठोके बंद पडले म्हणून आलंय! सुलियाचं हृदय थांबलं म्हणतात मेले! देवा, माझाच जीव गेला असता!"

बायका जमल्या. कुणी तिचे गाल कुरवाळले, कुणी हसत सुटलं, कुणी मशीनच्या नावानं बोटं मोडली. "फेकून द्या ती घड्याळं," फातू हसत रडत म्हणाली. "जिवंत बाईला मारतात!" हॉलभर नुसता आनंद.

सुलिया आपलं मोकळं मनगट बघत होती.

"माझं नाही ते," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. ती ओरडली, बसमधल्या आवाजात ओरडली, "माझं नाही ते! योआनेच्या हातात आहे! घरी आहे तो, एकटा आहे!"

एसेतानं तिच्या मनगटाकडे पाहिलं. आणि बाहेर भोंगा ऐकू आला. रुग्णवाहिका आली होती, वेळेत आली होती. जिथं फोन तिथं बाई, हे त्यांचं गणित. ती हॉलच्या दारात उभी राहिली आणि दोघं खोकं घेऊन पळत आत शिरले. "सुलिया कोण? सुलिया कुठाय?"

"मी," सुलिया म्हणाली. "मी नाही. चला, घरी चला. अहो चला ना!"

त्यांना समजायला वेळ लागला. का लागणार नाही? त्यांच्या हातातल्या काचेवर तिचं नाव होतं, तिचं वय होतं, तिचं हृदय होतं. ती त्यांचे हात ओढत राहिली. बाजार ओलांडून, तिच्याच बसच्या रस्त्यानं, तिच्याच थांब्यांवरून ते निघाले. कुठं वळायचं ते ती सांगत होती, आणि वाटेत एकदा तिनं डावं-उजवं चुकवलं.

मागल्या अंगणात दगड अर्धे रचून झाले होते. योआने वाफ्याच्या कडेला कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा, बाही कोपरापर्यंत सरकवलेली. दोघं त्याच्यावर वाकले. त्यांनी त्याची छाती दाबली, यंत्र लावलं, पुन्हा दाबली. सुलिया दगडांपाशी उभी होती. मग त्यांतल्या एकानं दुसऱ्याकडे पाहिलं आणि दोघांचे हात हळूहळू थांबले.

योआनेच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजत होता. केव्हाचा वाजत असावा. बंद व्हायचा, पुन्हा वाजायचा. सुलिया गुडघ्यांवर बसली, तिनं फोन काढला आणि कानाला लावला.

"योआने बोलताय का?" तोच गोड आवाज, आता घाबरलेला. "कळपाकडून बोलतेय. तुमच्या पत्नीसाठी तुमचंच नाव दिलेलं आहे. ऐकताय ना? सुलियाच्या जवळ आत्ता कुणी आहे का?"

सुलियानं त्याच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं.

"नाही हो," ती म्हणाली. "आता कुणी नाही."